पाट आणि इसार

डोंबिवली, 2025

23 फेब्रुवारी, रविवार

कार्ल्याहून पांढरा कांदा आला. नऊला टेम्पो लागला आणि अकराच्या आत माळा संपल्या. शेवटच्या दोन माळांवरून बी विंग आणि सी विंगमध्ये भांडण व्हायचं तेवढं बाकी होतं.

शेतकरी, त्याची बायको आणि पुतण्या असे तिघे आले होते. अलिबागच्या कार्ले, खंडाळे, नेहुली या पट्ट्यात भात कापलं की त्याच शेतात हा कांदा लावतात. काढल्यावर पातीसकट सुकवायचा आणि त्याच पातीची वेणी घालून माळ करायची. वेणी बायकांनीच घालायची असा रिवाज. बाई बोलता बोलता एक सुटलेली माळ पुन्हा विणत होत्या, नजर गिऱ्हाइकावर आणि बोटं आपली चाललेली. भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून नाव झालं, तसा बनावट मालही वाढला. हमरस्त्यावर कुठलाही पांढरा कांदा 'अलिबागचा' म्हणून टांगलेला असतो, असं त्या म्हणाल्या.

रविवारी पार्किंगमध्ये भरणाऱ्या आमच्या बाजाराचा नियम एकच आहे: जो पिकवतो किंवा बनवतो, त्यानेच येऊन बसायचं. पार्किंगची जागा सोसायट्या देतात, भाडं नाही. निघताना शेतकरी पैसे मोजत होता. मार्केटला माल टाकला की हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी हातात येते. आज वजा काहीच झालं नाही. टेम्पोचं भाडं तेवढं त्याचं.

2 मार्च, रविवार

बाजाराच्या कमिटीची बैठक. एका गृहस्थांना आपल्या बाजारात 'इको-फ्रेंडली' वस्तूंचा स्टॉल लावायचा आहे. बांबूचे टूथब्रश, कसल्याशा भुशाचे कप, तागाच्या पिशव्या, सगळं घाऊक बाजारातून उचललेलं. कप कुठे बनतात विचारलं तर खोक्यावरचा पत्ता वाचायला लागले. आमच्या नियमात बसत नाही म्हणून नाही सांगितलं. ते रागावले. "तुम्हाला पर्यावरणापेक्षा तुमचा नियम मोठा," म्हणाले.

राग समजण्यासारखा आहे. 2014 साली हिरवा पाऊस पडला, 2020 साली रस्ता गुलाबी झाला, अशा गावात आम्ही राहतो. एमआयडीसीच्या कृपेने पर्यावरण हा विषय इथे लोकांना शिकवावा लागत नाही. पण म्हणूनच हिरवं पान छापलेलं कुठलंही खोकं हातोहात खपतं. बनवणारा समोर बसलेला असला म्हणजे निदान त्याला विचारता तरी येतं.

दुसरा विषय गणपतीचा. या वर्षी सगळ्यांना शाडूचाच हवा. जानेवारीच्या अखेरीस उच्च न्यायालयाने पीओपीवरची, म्हणजे प्लास्टरच्या मूर्तींवरची, बंदी काटेकोर पाळा म्हणून बजावलं, तेव्हापासून सगळे जागे झालेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नियम खरं तर मे 2020 चे. पेणला जाऊन बोलून यायचं काम माझ्याकडे आलं, कारण निवृत्त माणसाला वेळ असतो असा समज आहे.

11 मार्च, मंगळवार

दिव्याहून रोह्याची गाडी पकडून पेण. तिथून रिक्षाने हमरापूर, जोह्याकडे.

पेणचे गणपती म्हणतो आपण, पण खरा पसारा आजूबाजूच्या गावांत आहे. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे. घराच्या पडवीत कारखाना, अंगणात पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये बिनरंगाच्या पांढऱ्या मूर्ती ओळीने. डोळे नसलेल्या इतक्या मूर्ती एकदम पाहिल्या की पहिल्यांदा दचकायला होतं. कच्च्या मूर्तीही इथून बाहेर जातात, रंग दुसऱ्या गावात चढतो.

ओळखीतून ज्यांच्याकडे गेले ते पन्नाशीचे. वडिलांपासूनचा कारखाना, दोन्ही प्रकारचा माल करतात. न्यायालयाचं नाव काढताच चेहरा बदलला. गावात प्लास्टरचा माल करून ठेवलेला, त्यात व्यापाऱ्याचे आणि बँकेचे पैसे अडकलेले. "आता त्याचं काय करायचं, पुरून टाकायचा?"

मग मी त्यांना हिशेब विचारला. बँकेत कर्ज विभागात आयुष्य गेलं, माणसाची ओळख मला हिशेबातूनच पटते. प्लास्टरची मूर्ती काथ्या घालून साच्यात ओतली की अर्ध्या तासात बाहेर. शाडूची मळलेली माती हाताने साच्यात दाबून भरायची, भाग जोडायचे, सांधे लिंपायचे, मग सावलीत वाळवायची. घाई केली की तडा. आणि पावसात वाळत नाही. म्हणजे दिवाळीनंतर सुरुवात करून मे संपायच्या आत भरणी उरकली पाहिजे. पैसे हातात येणार भाद्रपदात. प्लास्टरवाला जुलैतही साचे भरू शकतो. शाडूवाल्याचं भांडवल तेवढा सगळा काळ मातीत रुतलेलं, वर मोडतोड त्याच्याच अंगावर.

हे खेळतं भांडवल येतं कुठून? मुंबई-पुण्याचा व्यापारी थंडीत उचल देतो. उचल दिली की भाव तोच ठरवतो आणि माल कुठला हेही तोच सांगतो. त्याला प्लास्टर हवं असतं. हलकं, ट्रकमध्ये थरावर थर लावता येतं, उंच मूर्तीही होते.

"ताई, तुमच्यासारखी शिकलेली माणसं येतात ना, ती श्रावणात येतात," ते म्हणाले. "फोटो काढतात, चांगलं काम करता म्हणतात. स्टॉल देतो म्हणतात. श्रावणात मी शाडूचा गणपती कुठून काढू?"

यावर मला बोलण्यासारखं काही उरलं नाही. आमचाही बेत ऑगस्टमध्ये स्टॉल लावायचाच होता.

जेवायला बसवलं. पेणचे पोह्याचे पापड, आणि वहिनींनी केलेली वालाची उसळ. जेवताना आणखी एक गोष्ट कळली. शाडूची माती पेणची नव्हेच, गुजरातेतून, भावनगरकडून ट्रकने येते. प्लास्टरचा जिप्सम राजस्थानचा. तेव्हा 'स्थानिक' काय, तर हात. माती दोघांचीही परमुलखातली. शाडू विरघळतो म्हणून तो बरा, पण तोही कुठल्या तरी जमिनीतून खणूनच काढलेला असतो. मूर्ती लहान घेणं हा सगळ्यात सरळ उपाय, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

16 मार्च, रविवार

कोकणात आषाढात किंवा नागपंचमीला घरचा पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तीच्या कारखान्यात, नेऊन देतात. पाटावर विडा-सुपारी, वर नाणं. मूर्तिकाराला कळतं की या घरचा गणपती माझ्याकडे, उंचीही पाटावरून कळते. मागणी नोंदवण्याची इतकी चोख पद्धत मी बँकेतही पाहिली नाही. तिच्यात उणीव एकच. नाण्यात माती येत नाही, आणि आषाढ म्हणजे फार उशीर झाला.

म्हणून आज बाजारात टेबल टाकून बसले. निम्मे पैसे आत्ता इसार, निम्मे मूर्ती घेताना. पैसे थेट पेणच्या मूर्तिकाराच्या खात्यात, मधे आम्ही कोणी नाही. उंची नऊ किंवा अकरा इंच, त्याहून मोठी नाही.

लोकांच्या शंका ऐकण्यासारख्या होत्या. रंग बघितल्याशिवाय पैसे कसे द्यायचे? मूर्ती वाटेत मोडली तर कोणाच्या खात्यावर? ऑगस्टपर्यंत आमची बदली झाली तर? एका काकांनी विचारलं, "आणि तो पळून गेला तर?" नवीन इमारतीतला फ्लॅट बांधून व्हायच्या आधी या काकांनी बिल्डरला केवढे पैसे मोजले होते, ते मला ठाऊक आहे. तिथे त्यांना ही शंका आली नव्हती.

मोडतोडीचा नियम सगळ्यांसमोर लिहिला: टेम्पोत चढेपर्यंत कारखान्याची जबाबदारी, नंतर सगळ्यांनी मिळून सोसायची. काही घरांनी तिथेच पैसे भरले, बरीच 'घरी विचारून सांगतो' म्हणून गेली. कमिटीतल्या तिघांनी भरले नाहीत. नावं लिहीत नाही.

20 एप्रिल, रविवार

ऊन. अर्धी कॉलनी गावी. आमसुलं आणि कुळथाचं पीठ घेऊन महाडकडचा एक बचत गट आला होता, तो बसून कंटाळला. मेमध्ये बाजार बंद ठेवावा का? बायका म्हणाल्या, बंद ठेवा, उगाच गाडीभाड्याचा भुर्दंड. त्यांचं बरोबर आहे.

27 मे, मंगळवार

पाऊस आला. काल मुंबईत मान्सून दाखल झाल्याचं जाहीर झालं. मे महिन्यात, जूनची वाटही न बघता. इतक्या लवकर आल्याची नोंदच नाही म्हणतात.

पेणला फोन लावला. आमच्या मूर्तींची भरणी एप्रिलअखेर झाली होती, बहुतेक वाळल्याही आहेत. इसार मार्चमध्ये हातात पडल्यामुळे त्यांना दोन माणसं जास्त लावता आली. शेजारच्या कारखान्यात मात्र ओल्या मूर्ती अडकल्यात, पंखे आणि हॅलोजन लावून वाळवतायत. विजेचं बिल कोण भरणार?

1 जून, रविवार

पहाटे स्टेशनबाहेर शेवळं दिसली. सोबत काकडंही होती, नाही तर घसा खाजून जीव जातो. कसारा, मुरबाडकडच्या ठाकर-कातकरी बायका पहिल्या गाडीने येतात, पुलाखाली वाटे मांडतात. मागे पावसाबरोबर टाकळा, फोडशी, भारंगी, कर्टुली येतील. जंगलातून हाताने खुडलेलं, पानात बांधलेलं, लोकलने आणलेलं. आम्ही बाजाराच्या पत्रकावर जे काही छापतो, ते या बायका कितीतरी वर्षं करत आल्यात.

मी एकीला आमच्याकडे बसायला बोलावलं. जागा फुकट, सावली, अतिक्रमणाच्या गाडीचं भय नाही. न्यायालयाच्या 2017 च्या निकालापासून स्टेशनच्या दीडशे मीटरमध्ये फेरीवाल्यांना मनाई आहे, त्यामुळे यांची टोपली कधी उचलली जाईल सांगता येत नाही.

तिने विचारलं, "तुमचा बाजार कवा भरतो?"

नऊला, म्हटलं.

"नऊला मी घरला चालली असते, बाय. माझं गिऱ्हाईक सातच्या गाडीला येतं."

संपलं. आमचा बाजार आमच्या झोपेच्या वेळेप्रमाणे भरतो, हे इतक्या मोजक्या शब्दांत कोणी सांगितलं नव्हतं. दोन वाटे घेतले. संध्याकाळी गटावर निरोप टाकला की शेवळं हवी असतील तर सहाला पुलाखाली जा, आणि भाव पाडू नका. पहाटे किती जण उठतात बघू.

10 जून, मंगळवार

काल उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली. नैसर्गिक पाण्यात विसर्जन मात्र परवानगीशिवाय नाही. डॉ. अनिल काकोडकरांच्या अध्यक्षतेखालच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाकडून राज्याने अभ्यास करवून घेतला होता, त्यानंतर हे झालं.

पेणात आनंद असणार, आणि मला त्यांचा राग येत नाही. करून ठेवलेला माल पुरून टाका हा न्याय नव्हता. इकडे मात्र दुपारपर्यंत फोन सुरू. दोन घरांना इसार परत हवाय, कारण आता 'बंदी उठली'. त्यातलं एक घर मार्चमध्ये पर्यावरणावर सगळ्यात मोठ्याने बोललं होतं. त्यांना इतकंच सांगितलं, पैसे मातीत गेलेत, मूर्ती वाळून बसलीय, परत करायचे तर माती परत करावी लागेल.

एक घर मानलं. दुसऱ्याचा गणपती आमच्या मावशींनी आपल्या भाच्यासाठी घेतला.

26 जुलै, शनिवार

परवा पुढचा आदेश. सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच. आमच्या नऊ इंचांना याचं काय! पण चारकोपच्या एका मंडळाची माघी गणपतीची मूर्ती तेव्हापासून विसर्जनाची वाट बघत थांबलीय, ते वाचून वाईट वाटलं. ज्याला निरोप द्यायचा तोच अडकला. नियम आधी आणि व्यवस्था मागून, असं झालं की त्रास भक्ताला, नाही तर कारागिराला.

3 ऑगस्ट, रविवार

श्रीवर्धनहून विरीच्या ताटल्या घेऊन एक जोडपं आलं होतं. पोफळीची विरी आपोआप गळून पडते. ती धुवायची, भिजवायची आणि तापलेल्या साच्यात दाबायची. डिंक नाही, मेण नाही. त्यांची बाग 2020 च्या निसर्ग वादळात आडवी झाली. नवीन पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षं लागतात, तोवर हा जोडधंदा. यंत्र चालतंय, पण स्वतःच्या बागेतली विरी पुरत नाही, गावातून गोळा करतात.

गौरीच्या जेवणासाठी बऱ्याच जणींनी घेतल्या. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, देशात जुलै 2022 पासून. आमच्या नाक्यावर ती अजूनही मिळतात, फक्त मागावी लागतात. विरीची ताटली महाग पडते हे खरंच. एका सुनेने हिशेब करून सासूला सांगितलं, "आई, तीस माणसांना स्टीलची ताटं भाड्याने आणली तर याहून स्वस्त. घासायला बाई लावू." विकणारी बाई हसून म्हणाली, "ताई, ते तर सगळ्यात चांगलं." असा विक्रेता टिकेल का कोण जाणे. मी मुद्दाम दोन डझन घेतल्या.

24 ऑगस्ट, रविवार

गणपती आले. टेम्पोत भुसा, पेंढा आणि जुन्या चादरी. तीन मूर्तींना इजा: एकीचा कान, दोघींची बोटं. मूर्तिकार स्वतः आले होते, ओली माती आणि रंग डब्यात घेऊनच. पार्किंगमध्ये मांडी घालून कान बसवला. मुलांनी एवढं कौतुकाने बघितलं की तेवढ्यासाठी पुढच्या वर्षी एखादी मूर्ती जाणूनबुजून फोडायची सूचना आली.

तक्रारीही आल्या. रंग फिका आहे, नेहमीसारखी चमक नाही. शाडूची मूर्ती जड, चौथ्या मजल्यावरच्या आजोबांना लिफ्ट बंद असताना कशी न्यायची? (लिफ्ट आजच बंद पडली, अर्थातच.) एका घरी अकरा इंच सांगितलेली नऊ आली. मूर्तिकारांनी वही काढून सही दाखवली, वहीत नऊच होते. नवऱ्याने लिहिलं होतं, बायकोला अकरा हवी होती. तिथून आम्ही सगळे सावकाश बाजूला झालो.

उरलेले निम्मे पैसे दुपारपर्यंत जमा झाले. एकही थकबाकी नाही. कर्ज विभागात असं एकदाही झालं नव्हतं.

29 ऑगस्ट, शुक्रवार

दीड दिवसाचे काल गेले. आवारात दोन पिंपं ठेवली होती. सकाळी पाहिलं तर मूर्ती विरघळून तळाशी मऊ गाळ, वर रंगाची साय आणि तिच्यात मोत्यांची माळ, चमकी, टिकल्यांचे खडे. आमच्याच लोकांनी फिक्या रंगावर घरी चमकी लावलेली. दुपारभर चाळणीने चमकी काढत बसले. निघत नाही.

7 सप्टेंबर, रविवार

काल अनंत चतुर्दशी. सगळ्या पिंपांमधला गाळ गच्चीवर पसरायला घेतलाय. पुण्यात काही संस्था विसर्जनानंतरची शाडूमाती गोळा करून मूर्तिकारांना परत देतात, तसंच करायचं. ऊन नाही, माती वाळत नाही. सेक्रेटरींचं म्हणणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग खराब होईल. ताडपत्री घातलीय, तरी त्यांचं तोंड सुकत नाही.

14 सप्टेंबर, रविवार

पेणहून माळव्याचा टेम्पो आला होता, तो रिकामाच परत जाणार. त्यात मातीची पोती चढवली. मूर्तिकारही सोबत होते. प्रत्येक पोत्यात हात घालून चिमूट अंगठ्यावर घासून पाहिली. दीड दिवसाच्या पिंपांची पोती बाजूला काढली, चमकीमुळे. ती कुंड्यांना घाला म्हणाले. बाकीची घेतली. ही माती नव्या मातीत मिसळून वापरतात, एकटी ताण धरत नाही. तिची किंमत पुढच्या इसारात वळती करायची, असं त्यांनीच सुचवलं.

पुढच्या वर्षीच्या अटींत चमकीला मनाई घातली. वहीत नावं घ्यायला सुरुवात केली तर मार्चपेक्षा जास्त घरं आली, आणि कमिटीतल्या त्या तिघांपैकी एक. जूनमध्ये पैसे परत मागणारे आले नाहीत. सी विंगला दीड फुटाची मूर्ती हवीच आहे, त्यावर वाद संपला नाही. मूर्तिकार म्हणाले, दीड फूट करून देईन, पण इसार या वेळी दिवाळीच्या आधी लागेल, मार्चमध्ये नको. नऊ इंची किती आणि अकरा इंची किती, हे त्यांना कोजागिरीपर्यंत कळवायचं आहे. त्यावरून ते भावनगरला गाडी सांगतील.